आईचे हृदय आणि शिक्षिकेचे हात : डॉ. मारिया माँटेसोरी यांचे पुण्यस्मरण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागील पिढ्यांचे ऋण आठवावे ही रीत योग्यच होय. ज्यांनी हे देऊळ उभारिले, ज्यांनी दुष्काळात व रोगराईत या भागातील जनांची सेवा केली, त्यांचे गुणवर्णन आमच्या आधीच्या वक्त्यांनी उचित शब्दांत केले आहे. आमच्याकडे चालकांनी जो विषय सोपविला तो काहीसा निराळा आहे. ज्या मुलांस जग मंदबुद्धी म्हणून बाजूस सारते, त्यांस शिकविण्यात जिने आपले आयुष्य घातले व जी स्वतः आई होती, अशा एखाद्या स्त्रीचे चरित्र आज सांगावे, अशी त्यांची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही डॉ. मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीचे चरित्र निवडिले आहे.

यावर कोणी म्हणतील की, माँटेसोरी हे नाव तर आता गल्लोगल्लीच्या बालवर्गांच्या पाट्यांवर दिसते. त्यात सांगण्याजोगे नवीन ते काय? त्यास आमचे उत्तर तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, या बाईंच्या कार्याचा उगम सुखवस्तू घरच्या मुलांत झाला नसून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मुलांत झाला, हे पाट्या लावणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. दुसरे असे की, त्या आपल्याच ख्रिस्तसभेच्या कन्या होत्या, व देवळात मुलांचे स्थान कोणते याविषयी त्यांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. तिसरे कारण आपल्या नगर जिल्ह्याशी निगडित आहे. ते त्याच्या जागी येईलच.

मारियाबाईंचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील किआरावाल्ले या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे ही वाचनाची आवड असलेली व श्रद्धाळू स्त्री होती. गोरगरिबांसाठी रोज काही तरी विणलेच पाहिजे, असा तिने आपल्या एकुलत्या एका मुलीस नेम घालून दिला होता. मुलीने वैद्यकी शिकावयाचे मनात आणिले तेव्हा वडिलांचे मन कचरले, पण आई पाठीशी उभी राहिली. त्या काळी शवविच्छेदन पुरुष विद्यार्थ्यांसमवेत करणे स्त्रीस अनुचित मानीत. म्हणून संध्याकाळी सर्व निघून गेल्यावर या मुलीने प्रेतांच्या खोलीत एकटीने आपला अभ्यास करावा, अशी व्यवस्था होती. 1896 साली रोमच्या विद्यापीठाची पदवी मिळवून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत.

पदवीनंतर त्या रोमच्या मनोरुग्णालयाशी संबंधित झाल्या. त्या दिवसांत बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांस वेड्या माणसांबरोबरच ठेवीत. एका ठिकाणी अशा मुलांची खोली त्यांनी पाहिली. देखरेख करणारी बाई तिरस्काराने म्हणाली की, ही पोरे जेवण झाले की जमिनीवर लोळून भाकरीचे तुकडे वेचतात. डॉक्टरबाईंनी खोलीभर दृष्टी फिरविली. तीत एकही खेळणे नव्हते. हाती धरावे, चाचपावे, उलटसुलट करून पाहावे असे काहीही नव्हते. त्यांच्या ध्यानात आले की, या मुलांची भूक पोटापुरती नाही. ती हातांस काही तरी द्या म्हणत आहेत, आणि उघड्या खोलीत त्यांस भाकरीच्या चुऱ्यावाचून दुसरे काही सापडत नाही.

बंधुभगिनींनो, जे त्या बाईस घाणेरडी खोड म्हणून दिसले, तेच मारियाबाईंस शिकण्याची धडपड म्हणून दिसले. मुले तीच, खोलीही तीच. फरक पाहणारीच्या दृष्टीत होता. पुढील पन्नास वर्षांचे त्यांचे सारे कार्य या एका दृष्टीतून निघाले, असे आम्हांस वाटते.

डॉक्टर असूनही त्यांनी औषधांच्या बाटलीकडे हात नेला नाही. मंदबुद्धी मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, असे मत त्यांनी 1898 साली तुरिन शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेत मांडिले. त्यांच्यापूर्वी फ्रान्स देशात दोन पुरुषांनी ही वाट तुडविली होती. इतार या डॉक्टराने अव्हेरॉनच्या अरण्यात सापडलेल्या एका रानटी मुलास माणसांत आणण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. आणि सेगॅं या त्याच्या शिष्याने मंदबुद्धी मुलांसाठी शिक्षणाची एक संपूर्ण पद्धती रचिली. या दोघांचे ग्रंथ विस्मृतीत गेले होते. मारियाबाईंनी ते इटालियन भाषेत उतरविले, आणि जुन्या मठांतील संन्यासी जसे पोथ्या लिहीत तसे ते सर्व स्वहस्ते लिहून काढिले, जेणेकरून प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात मुरावा.

1900 साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय निघाले. त्याच्या दोन चालकांपैकी त्या एक होत्या. विद्यालयास जोडून मुलांची शाळा होती. तेथे त्या सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत स्वतः शिकवीत, आणि रात्री बसून दिवसभराच्या टिपणांची छाननी करीत. शिक्षणशास्त्रातील आपली पहिली खरी पदवी म्हणजे ही दोन वर्षे, असे त्या पुढे म्हणत असत.

त्या शिकवीत तरी कशा? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शेजारी असे एखादे मूल असेल; म्हणून हे जरा विस्ताराने सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एका मुलीस शिवणकाम शिकवावयाचे होते. वय अकरा वर्षांचे. पण सुई धाग्याच्या खालून-वरून कशी न्यावी हे तिला काही केल्या उमजेना. बाईंनी सुई बाजूस ठेविली व तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. एक पट्टी वरून, दुसरी खालून, असे करता करता ती त्यात रमली. काही दिवसांनी तिच्या हाती पुन्हा सुई दिली, तेव्हा ती सहज रफू करू लागली. यावरून बाईंनी असा नियम बसविला की, जे काम मुलाकडून करून घ्यावयाचे, त्याची हालचाल आधी दुसऱ्या सोप्या रूपाने त्याच्या हातात बसवावी. मग ते काम त्याच्यापुढे ठेवावे. मुलास एकच गोष्ट दहादा सांगून ती येत नसेल, तर अकराव्यांदा सांगण्यापेक्षा तिच्या आधीची पायरी शोधावी.

अक्षरे शिकविताना त्यांनी वळणदार लिपीची लाकडी अक्षरे करविली. मुलाने ती डोळ्यांनी पाहावी, बोटांनी गिरवावी आणि कानांनी तिचा उच्चार ऐकावा. ज्याचे डोळे विसरतात त्याची बोटे आठवण ठेवितात, हे त्यांनी ओळखिले होते. याच अक्षरांपासून पुढे काचकागदाची खरखरीत अक्षरे निघाली, ती आज आपल्या बालवाड्यांतूनही दिसतात.

वस्तूंची नावे शिकविण्याची सेगॅंची तीन पायऱ्यांची रीत त्यांनी उचलिली. पहिल्या पायरीस तांबडा व निळा असे दोन रंग पुढे ठेवून म्हणावे, "हा तांबडा. हा निळा." अधिक शब्द नको. दुसऱ्या पायरीस म्हणावे, "तांबडा दे पाहू. निळा दे पाहू." तिसऱ्या पायरीस विचारावे, "हा कोणता?" मूल चुकले तर त्यास चुकले म्हणावयाचे नाही व पुन्हा दामटावयाचेही नाही. हसून, गोंजारून, साहित्य आवरून ठेवावे व दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. मूल चुकले याचा अर्थ एवढाच की, आज त्याची वेळ आली नव्हती. आपल्या स्वयंपाकघरातील कोणतीही आई वाटीचमच्यांवर ही रीत चालवू शकेल. तिला कपर्दिकेचाही खर्च नाही.

या शाळेतील काही मुले वाचावयास व सुबक लिहावयास शिकली, आणि सरकारी शाळेच्या परीक्षेस इतर मुलांबरोबर बसून उत्तीर्ण झाली. लोक चमत्कार म्हणून नवल करू लागले. पण बाई स्वतः चिंतेत पडल्या. इस्पितळातून आलेली मुले जर धडधाकट मुलांच्या बरोबरीस येतात, तर त्या धडधाकट मुलांस शाळेत काय म्हणून इतके दडपून ठेविले जात असावे, हा प्रश्न त्यांस सतावू लागला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत त्यांनी 6 जानेवारी 1907 रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडिले. त्यापुढील कीर्ती जगास ठाऊक आहे. येथे इतकेच सांगावयाचे की, आज श्रीमंतांची मुले ज्या दट्ट्यांशी व अक्षरांशी खेळतात, त्यांचे मूळ टाकून दिलेल्या मुलांच्या हातांत आहे. जो दगड बांधणाऱ्यांनी नापसंत केला त्याचीच कोनशिला झाली, हे आपण शास्त्रात वाचतो. येथे ते शाळेत घडलेले दिसते.

आता त्यांच्या आयुष्यातील अशा एका गोष्टीकडे वळतो की, जी सांगावी की न सांगावी असा संकोच पुष्कळांस वाटेल. वर ज्या 1898 सालाचा उल्लेख केला, त्याच वर्षी 31 मार्च रोजी मारियाबाईंस एक पुत्र झाला. त्याचे नाव मारिओ. मुलाचे वडील म्हणजे त्यांचे सहकारी, त्याच विद्यालयाचे दुसरे चालक डॉ. मोंतेसानो. उभयतांचा विवाह झालेला नव्हता व पुढेही झाला नाही. त्या काळच्या समाजात ही गोष्ट उघड होती तर मारियाबाईंचे कार्य तेथेच संपले असते. बाळास रोमबाहेर खेड्यात, दूध पाजणाऱ्या एका दाईच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आई मधून मधून येऊन त्यास पाहून जाई. पण आपण कोण हे सांगत नसे. 1901 साली डॉ. मोंतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला, आणि मारियाबाईंनी ते विद्यालय सोडिले.

ही हकीकत आम्ही झाकून ठेवीत नाही, याचे कारण असे की शुभवर्तमानही अशा गोष्टी झाकीत नाही. संत मत्तयाने आपल्या प्रभूची वंशावळी दिली आहे, तीत तामार आहे, राहाब आहे, उरियाची पत्नी आहे. देवाच्या कृपेचा ओघ निर्मळ पाटातूनच वाहतो असे नाही. आणि दुसरे कारण असे की, ही हकीकत वगळली तर या बाईंच्या कार्यातील कळकळ अर्धीच समजेल. ज्या वर्षांत त्यांचे स्वतःचे तान्हे मूल परक्या घरी पहिली पावले टाकीत होते, त्याच वर्षांत त्या आई नसलेल्या व आईने सोडलेल्या मुलांस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलावयास, चालावयास, गुंड्या लावावयास शिकवीत होत्या. त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे की, त्या मुलांस जागे केले ते केवळ साहित्याने नव्हे. त्यांस हाक मारणाऱ्या आपल्या आवाजाने केले. तो आवाज कोणत्या अंतःकरणातून निघत होता, हे येथील प्रत्येक माता ओळखील.

1912 च्या डिसेंबरात मारियाबाईंची आई रेनिल्दे वारली. पुढच्याच वर्षी त्या आपल्या मुलाकडे गेल्या. मारिओ तेव्हा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर होता. तो शाळेच्या मुलांबरोबर सहलीस आला असता, मधून मधून भेटावयास येणारी ती ओळखीची बाई मोटारीतून उतरली. मुलगा पुढे झाला व तिला म्हणाला की, तुम्ही माझी आई आहात हे मी जाणतो. आणि तो तिच्याबरोबर निघून गेला. ही हकीकत मारिओंनीच पुढे सांगितली. त्या दिवसापासून आईच्या अखेरच्या श्वासापर्यंत त्याने तिची साथ सोडिली नाही. तो तिचा चिटणीस, दुभाषी, व्यवस्थापक व सहकारी झाला. तथापि जगापुढे तो कधी पुतण्या तर कधी मानलेला मुलगा म्हणूनच वावरे.

आता आपल्या नगरची गोष्ट. 1939 च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मारियाबाई मद्रासजवळील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून शिक्षकांस शिकविण्यासाठी आल्या. मारिओ बरोबर होतेच. पहिल्याच वर्गास देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. पुढे जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला, आणि हिंदुस्थानातील इटालियन लोक एका दिवसात शत्रुपक्षाचे ठरले. वृद्ध मारियाबाईंस अड्यारच्या आवारात राहू दिले. पण मारिओंस धरून त्यांची रवानगी अहमदनगरच्या नजरकैदेच्या छावणीत झाली. ज्या शहरास 2024 पासून अहिल्यानगर हे नाव मिळाले, जेथे आपण बाजारास, दवाखान्यास, कचेरीस नित्य जातो, तेथेच हा मुलगा बेचाळिसाव्या वर्षी कैदी होऊन बसला. आणि सत्तरीची आई शेकडो कोस दूर, परक्या मुलखात, परक्या भाषेत, त्याच्यावाचून एकटी उरली. ज्या मुलापासून पंधरा वर्षे समाजाने तिला दूर ठेविले, त्याच्यापासून आता युद्धाने तिची ताटातूट केली.

31 ऑगस्ट 1940 रोजी मारियाबाईंस सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून त्यांस तार आली. आपणास वाढदिवसाची भेट काय द्यावी याचा आम्ही विचार केला, आणि आपला मुलगा आपणास परत देणे हीच उत्तम भेट होय असे आम्हांस वाटले, अशा आशयाची ती तार होती. मारिओंची सुटका झाली. त्या तारेत लिहिलेला शब्द मुलगा हाच होता. पुतण्या नव्हे, मानलेला मुलगा नव्हे. जो शब्द आईने बेचाळीस वर्षे ओठांवर अडवून धरिला, तो एका परक्या सरकारच्या तारेने उघडपणे उच्चारिला. आणि ज्या वियोगामुळे तो उच्चारिला गेला, तो वियोग आपल्या नगरच्या भूमीवर घडला होता. या शहराने त्या मातेस दुःख दिले खरे. पण तिच्या मातृत्वावरचा पडदाही याच दुःखाने दूर सारिला. पुढे मृत्युपत्रात त्यांनी मारिओंचा उल्लेख माझा मुलगा असा स्वच्छ शब्दांत करून ठेविला.

युद्धकाळ त्यांनी बहुतेक अड्यार व कोडाईकनाल येथे काढिला. 1946 साली त्या युरोपास परतल्या, 1947 साली पुन्हा आल्या, आणि 1949 साली त्यांनी या देशाचा अखेरचा निरोप घेतला. तोवर त्यांच्या हाताखाली हजाराहून अधिक हिंदी शिक्षक तयार झाले होते. आपल्या महाराष्ट्रात त्यांचे विचार खेड्यापाड्यांत नेण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक यांस आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास काम करून त्यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाचा पाया घालण्यात भाग घेतला, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे गरीब व आदिवासी मुलांच्या अंगणात ही विद्या नेली. रोमच्या मजुरांच्या वस्तीत जे उगवले, ते असे ठाण्याच्या किनाऱ्यावर रुजले.

मारियाबाईंचे देहावसान 6 मे 1952 रोजी हॉलंडातील नूर्डवेक या समुद्रकाठच्या गावी झाले. वय एक्क्याऐंशी. त्या दिवशीही आफ्रिकेत जाऊन शिक्षक तयार करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि जवळ मारिओ होते. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

आता देवळाविषयी त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगून, मग आपल्या धर्मग्रामाकडे वळू. पोप दहावे पायस यांनी 1910 साली असा हुकूम काढिला की, पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी मुलास पुष्कळ पाठांतर येण्याची आवश्यकता नाही. पवित्र भाकर व साधी भाकर यांतील भेद त्यास त्याच्या कुवतीप्रमाणे उमजला म्हणजे पुरे. या विचारास धरून मारियाबाईंनी स्पेनमधील बार्सेलोना येथे मुलांसाठी धर्मशिक्षणाची निराळी खोली सजविली. तिच्यात लहान वेदी, लहान आसने व लहान हातांस पेलतील अशी उपकरणे होती. मुले स्वतः गहू पेरीत व द्राक्षवेली वाढवीत, अशासाठी की मिस्साबलीची भाकर व द्राक्षरस कोठून येतात हे त्यांस हातांनी कळावे. 1954 पासून रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती या विदुषीने हेच काम पुढे नेले, आणि त्याच्या केंद्रस्थानी उत्तम मेंढपाळाचा दाखला ठेविला.

मारियाबाईंच्या शाळेत शांततेचा एक पाठ असे. सर्व मुले हातपाय न हलविता, श्वासही हळू घेत बसत. मग शिक्षिका शेजारच्या खोलीत जाऊन एकेका मुलाचे नाव अगदी हलक्या आवाजात घेई. ज्याचे नाव येई ते मूल पायांचा आवाज न करिता उठून तिच्याकडे जाई. कोणाचेही नाव वगळावयाचे नाही. ऐकण्यात सर्वांत मागे असलेले मूलही आपल्या नावाची वाट पाहत बसे, कारण ते येणारच हे त्यास ठाऊक होते. मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो, हे याहून स्पष्ट कसे शिकवावे?

बंधुभगिनींनो, आजचा महोत्सव पन्नासाव्या वर्षाचा आहे. जुन्या करारात पन्नासाव्या वर्षाची आज्ञा कोणती, हे आपण जाणता. त्या वर्षी रणशिंग फुंकावे, बंदिवानांस मोकळे करावे, आणि प्रत्येकाने आपल्या कुळात व आपल्या घरी परत जावे. दिवे, पताका व मेजवानी ही शोभेची अंगे होत. महोत्सवाचा प्राण या परत येण्यात आहे. तेव्हा आज सकाळच्या मिस्सासाठी जे बाकांवर बसले होते त्यांची मोजदाद करण्याआधी, जे आले नाहीत त्यांची नावे घेऊ या. या धर्मग्रामाच्या वाड्यावस्त्यांत अशी मुले आहेत की, पाहुणे आले म्हणजे त्यांस आतल्या खोलीत नेतात. त्यांच्या माता आळीपाळीने मिस्सास येतात, कारण मूल मध्येच ओरडले तर माना वळतील अशी त्यांस भीती असते. त्या मुलांचा बाप्तिस्मा येथेच झाला. त्यांची नावे याच देवळाच्या दप्तरात आहेत. मग हाक मारण्याचेच काय ते राहिले आहे.

यासाठी आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलांस जागा असावी, व पोप पायस यांच्या हुकुमास अनुसरून त्यांच्या कुवतीप्रमाणे त्यांस ख्रिस्तप्रसादासाठी तयार करावे. पाठ होत नसेल तर हातांनी शिकवावे. गहू दाखवावा, पीठ दाखवावे, भाकर दाखवावी. दुसरी, मिस्साच्या वेळी मूल ओरडले तर कोणी वळून पाहू नये. वेदीपर्यंत गेलेल्या त्या आवाजाचा अर्थ प्रभूस कळतो. तिसरी, ज्या घरी असे मूल आहे तेथील आईस आठवड्यातून दोन तास तरी विसावा मिळावा म्हणून शेजारच्या स्त्रियांनी आपसांत पाळ्या लावाव्या. मारियाबाईंनी लिहून ठेविले आहे की, या मुलांस शिकविणाऱ्यास एक विलक्षण थकवा येतो, कारण तो आपल्या अंगचे बळ त्यांस देत असतो. शिक्षिका संध्याकाळी घरी जाते. आईस तेही नाही. चौथी, कायद्याने दिलेला हक्क मुलास मिळवून द्यावा. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची गणना आहे, आणि ठराविक प्रमाणाबाहेर अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी कचेऱ्यांचे खेटे घालणे एकट्या आईच्या नशिबी का यावे? लिहितेवाचते तरुण तिच्याबरोबर जाऊ शकतात.

कोणी म्हणतील, इतके करून ते मूल शिकून शिकून किती शिकणार? मारियाबाईंच्या शाळेतील सर्वच मुले काही परीक्षेस बसली नाहीत. कोणी केवळ आपल्या हाताने गुंडी लावावयास शिकले, कोणी घास तोंडात घालावयास शिकले. बाईंच्या दृष्टीने तेही मोठे यश होते, कारण मुलाने स्वतः केलेले काम लहान नसते. आणि आई हे आधीपासून जाणते. शेजारणीचे मूल नऊ महिन्यांत चालले व आपले चार वर्षांत, म्हणून तिचा आनंद चौपट कमी होत नाही. तो अधिकच होतो.

डॉ. मारिया माँटेसोरी यांस आपल्या मुलास मुलगा म्हणावयास जगाने फार काळ मोकळीक दिली नाही. त्या अवधीत त्यांनी जगाने नाकारलेल्या मुलांस शिकविले, आणि अखेरीस त्यांचा मुलगा आपल्या नगरहून मुक्त होऊन त्यांच्याकडे परत गेला. या महोत्सवाच्या वर्षी आपल्याही धर्मग्रामातील प्रत्येक मूल आतल्या खोलीतून बाहेर येवो, आपले नाव ऐको, आणि आपल्या जागी येऊन बसो. ज्या माता वर्षानुवर्षे एकट्या जागल्या, त्यांच्या शेजारी पवित्र मरिया उभी असो. पुत्र हरवल्याचे व पुत्र सापडल्याचे दुःखसुख तिलाही ठाऊक आहे. आणि जे शिक्षक अशा मुलांसाठी आपले दिवस झिजवीत आहेत, त्यांच्या हातांस प्रभू बळ देवो.